खो, दांडू आणि एनिसचा शेन

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा, असा निरोप आला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी एक आयरिश खेळाडू, शेन ओडॉनेल, उभा राहिला. त्याच्याबद्दलच लिहिणार आहे. त्याला पाहिलं नसतं, तर आपल्या मैदानाबद्दल मनात काय साठून राहिलंय, हे मला कळलंच नसतं.

मी १९९६ च्या दहावीची, ‘ब’ तुकडी. वर्गातल्या मैत्रिणींना मी खो-खोच्या संघातली म्हणून आठवत असेन. मला सूर मारायला फार आवडायचं. नववीत आम्ही जिल्ह्यापर्यंत गेलो होतो. दहावी सुरू झाली आणि घरून निकाल लागला: खेळ बंद. खेळाचे सर दोनदा घरी आले, ओट्यावर बसून चहा घेतला, वडिलांचं सगळं ऐकून घेतलं आणि परत गेले. त्या वर्षी भूमितीच्या तासाला मैदानावरची शिट्टी ऐकू आली की माझी पावलं बाकाखाली हलायची. मार्क चांगले पडले, पुढे इंजिनिअर झाले. वडिलांनी जे केलं ते काळजीपोटीच केलं. पण खेळ आणि अभ्यास यांतलं एकच काहीतरी मिळतं, असं मी पुढची कितीतरी वर्षं धरून चालले.

२०११ मध्ये नोकरीसाठी आयर्लंडला आले. कारखाना शॅनन विमानतळाजवळच्या औद्योगिक वसाहतीत आणि घर एनिस गावात, क्लेअर परगण्यात. पहिल्याच आठवड्यात पाहिलं, शाळेला निघालेल्या पोरांच्या हातात एक-एक लाकडी काठी, टोकाला पसरट. मला वाटलं आज काहीतरी खास आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. ती हर्ली. अ‍ॅश नावाच्या झाडाच्या बुंध्याचा मुळांकडे वळणारा भाग घेऊन ती घडवतात, म्हणजे लाकडाची रेघ काठीच्या वळणाबरोबर वळते आणि ती सहजी मोडत नाही. खेळाचं नाव हर्लिंग.

आपल्या लोकांना सांगताना मी विटी-दांडूपासून सुरुवात करते. चेंडू जमिनीवरून दांडूनं उचलायचा, हवेत उडवायचा आणि उडालेला असतानाच टोलवायचा. हे ज्याला विटीनं जमलंय त्याचे हात हर्लिंग लगेच ओळखतील. मात्र इथे वकट, लेंड, मूंड मोजायला कुणी थांबत नाही. एका बाजूला पंधरा खेळाडू, परगण्यांच्या मोठ्या सामन्यात सत्तर मिनिटं, आणि चेंडू हवेत असताना पाच-सहा दांडू एकदम त्याच्यावर. खांब इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखे. आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन. धावफलकावर दोन्ही वेगळे लिहितात. ‘५-१६’ म्हणजे पाच गोल आणि सोळा गुण, एकूण ३१. हा हिशोब अंगवळणी पडायला मला एक हंगाम लागला.

आणि पैसा नाही. ऐंशी हजार माणसं बघायला येतात, पण खेळणारा सोमवारी सकाळी आपापल्या नोकरीवर हजर. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी विद्यार्थी. आपल्या गावाच्या क्लबकडून आणि आपल्या परगण्याकडून खेळायचं. हे सगळं चालवणारी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन १८८४ मध्ये थर्ल्स गावात स्थापन झाली. तिच्यासाठी सगळ्यात आधी धडपडलेला मायकल क्यूसॅक क्लेअरचाच, आणि पेशानं शिक्षक. एनिसचं मैदान त्याच्याच नावानं ओळखलं जातं. हे ऐकल्यावर मला आपले सर आठवले होते.

आता शेन ओडॉनेल. आमच्या गावातल्या एअर ओग क्लबचा मुलगा.

२०१३ चा अखिल आयर्लंड अजिंक्यपदाचा अंतिम सामना क्लेअर विरुद्ध कॉर्क परगणा. ८ सप्टेंबरला डब्लिनच्या क्रोक पार्कवर अगदी शेवटच्या क्षणी क्लेअरच्या एका बचावपटूनं, डॉमनल ओडोनोवननं, बरोबरीचा गुण केला. त्यामुळे २८ सप्टेंबरला, शनिवारी संध्याकाळी, सामना पुन्हा खेळवला गेला. आम्ही शेजारच्या आजोबांच्या घरी टीव्हीसमोर. शेन तेव्हा १९ वर्षांचा. आज तू सुरुवातीपासून खेळणार आहेस, हे प्रशिक्षकांनी त्याला सामन्याला काही तास उरले असताना सांगितलं होतं. एकोणीस मिनिटांत त्यानं तीन गोल केले. तिसऱ्या गोलाला आजोबा उठून उभे राहिले ते बसलेच नाहीत. मी मराठीत ओरडत होते. शेनचे एकूण तीन गोल आणि तीन गुण, सगळे खेळत्या चेंडूवर, एकही फाउलबद्दल मिळालेल्या फटक्यावर नाही. क्लेअर ५-१६, कॉर्क ३-१६. क्लेअरचं हे इतिहासातलं चौथं अजिंक्यपद.

रातोरात तो देशाचा लाडका झाला. त्याला स्वतःला ती गर्दी मानवली नाही, असं त्यानंच पुढे सांगितलंय. मला मात्र दुसऱ्या एका बातमीनं पकडलं. हा मुलगा कॉर्कच्या विद्यापीठात जनुकशास्त्र शिकत होता. ज्या परगण्याला हरवलं, तिथेच वर्गात जाऊन बसायचं! त्यानं शिक्षण सोडलं नाही आणि खेळही सोडला नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेटपर्यंत गेला, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत हार्वर्डला संशोधन करून आला. संध्याकाळी प्रयोगशाळेतून निघून परगण्याच्या सरावाला गाडी हाकत यायचं, पगार शून्य. त्याच्याबद्दलच्या बातम्या मी वडिलांना फोनवर वाचून दाखवायची. ते ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, “तेव्हा मला कुणी असं सांगितलं नाही गं.” सरांनी सांगितलं होतं, हे मी बोलले नाही.

मधली वर्षं क्लेअरला अजिंक्यपदाविना गेली. त्यावर फार लिहीत नाही. पण २०२१ लिहिलंच पाहिजे, कारण तेव्हा माझी मुलगी हाच खेळ मुलींसाठी असतो तो, कॅमोगी, खेळायला लागली होती.

त्या जूनमध्ये सरावात शेनच्या डोक्याला मार बसला. हेल्मेट होतंच, २०१० पासून ते सक्तीचं आहे. पण कवटीच्या आत मेंदू हिसकला तर हेल्मेट काय करणार? बाहेर जखम दिसत नव्हती आणि माणसाला समोरच्याचं साधं बोलणं झेपत नव्हतं. तो हंगाम गेला. पुन्हा खेळायचंच नाही इथपर्यंत तो आला होता. ज्या मेंदूच्या जोरावर त्याचं संशोधन चालायचं, तोच दुखावला होता. हे सगळं तो मुलाखतींतून मोकळेपणानं बोलला, आणि त्यामुळे आमच्या गावातल्या आया आणि प्रशिक्षक दोघेही सावध झाले. आता माझ्या मुलीच्या संघात कुणाच्या डोक्याला लागलं की ती मुलगी बाहेर. “मी बरी आहे” म्हणाली तरी बाहेर. आपल्या शाळेतही हा नियम असावा असं मला कळकळीनं वाटतं. कबड्डीत डोकं आपटून, तोंडावर पाणी मारून पुन्हा चढाईला गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

तो पूर्ण बरा झाल्यावरच परतला. आणि आता तो वेगळा खेळाडू होता. गोलाजवळ थांबून गोल करण्यापेक्षा तो पुढे येऊन दोन-तीन जणांच्या गराड्यातून चेंडू काढायचा आणि मोकळ्या साथीदाराला द्यायचा. खो-खो खेळलेल्या बाईला हे लगेच उमगतं. गडी बाद करणारीचं नाव गुणपत्रकावर लागतं, नेमक्या क्षणी खो देणारीचं लागत नाही. तीन वर्षं ओळीनं क्लेअर मन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात लिमरिककडून हरलं. तिसऱ्यांदा हरलं ते २०२४ मध्ये, आणि त्याच वर्षी २१ जुलैला क्रोक पार्कवर पुन्हा कॉर्क समोर. जादा वेळेपर्यंत गेलेला सामना क्लेअरनं ३-२९ विरुद्ध १-३४ असा जिंकला. बेरीज करून बघा, एका गुणानं. कर्णधार टोनी केली २०१३ च्या संघातला, शेनही. त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम हर्लिंगपटू म्हणून शेनची निवड झाली तेव्हा तो तीस वर्षांचा होता. शेजारचे आजोबा तोवर गेले होते. मी त्यांच्या ओट्याकडे बघून टाळ्या वाजवल्या.

मागच्या डिसेंबरात गावी आले, तेव्हा सामानातून एक हर्ली आणि चेंडू आणला. सर निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी संध्याकाळी मैदानावर येतातच. त्यांनी हर्ली हातात घेऊन तोलली, बोटानं लाकडाची रेघ चाचपली. मुलीनं त्यांना चेंडू कसा उचलायचा ते दाखवलं. पहिले दोन फटके हुकले. तिसरा असा बसला की चेंडू कुंपणापलीकडे, दोन पोरं आणायला धावली. “दांडूच आहे की हा,” सर म्हणाले. मग मी त्यांना शेनची सगळी गोष्ट सांगितली, जशी वर सांगितली तशीच. प्रयोगशाळेचं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

पलीकडे मुलींचा खो-खोचा सराव चालला होता. मी विचारलं, “सर, ह्यांत दहावीच्या किती?”

“चार,” ते म्हणाले. “दोघींच्या घरी जाऊन आलोय. दोघींच्या घरी आज जायचंय. येतेस का बरोबर?”