गुरुवारचा शटडाऊन

आम्ही कारखान्यांतल्या विजेच्या यंत्रणेचं टेस्टिंग करतो. आमचा कामाचा वार गुरुवार. भोसरी-चाकणकडच्या बऱ्याच कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी असते, म्हणून शटडाऊन, म्हणजे वीज बंद करून काम करायला वेळ, मिळतो. तेरा वर्षांत गुरुवारी दुपारी मी घरी जेवलोय असं क्वचितच झालं.

आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड, दोन वर्षं. मग वर्षभर अप्रेंटिस. गावात अजून सांगतात, 'लाईटीचं काम करतो.' वायरमनचं काम वेगळं आणि आमचं वेगळं, हे मलाही टेस्टिंगवर हेल्पर म्हणून लागल्यावरच कळलं. वायरमन जोडतो. ते चालू करण्याआधी आम्ही तपासतो आणि खाली सही करतो.

पहिल्याच महिन्यात 11 केव्हीच्या (अकरा हजार व्होल्टच्या) केबलचं मेगरिंग चाललं होतं, म्हणजे मेगर या यंत्रानं जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणं. पाच हजार व्होल्ट, दहा मिनिटं. मेगर जुना, आपोआप डिस्चार्ज न करणारा. तो बंद झाला तसा मी लीड काढायला हात घातला, आणि मामांनी मनगट धरून मला मागं ओढलं. आमच्या सीनियरना सगळे मामाच म्हणायचे. काही न बोलता त्यांनी जमिनीला जोडलेला डिस्चार्ज रॉड केबलच्या टोकाच्या लगला टेकवला. चट्ट! निळी ठिणगी. केबल दोन्ही टोकांना सुटी होती, तरी चार्ज आत तसाच होता.

"दहा मिनिटं भरलीस ना? मग चाळीस मिनिटं अर्थिंग करून ठेव," मामा म्हणाले. तो आवाज अजून कानात आहे.

रिले, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर वाढला की सप्लाय तोडायला लावणारं उपकरण, शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि पगारही त्यानंतरच वाढला. सेटिंगच्या दुप्पट करंट सोडला, टाइम मल्टिप्लायर (वेळेचं सेटिंग) एक असला, तर नॉर्मल इन्व्हर्स कर्व्हवर (करंट जास्त तितका वेळ कमी) रिले दहा सेकंदांच्या आसपास ट्रिप झाला पाहिजे. दहापट सोडला तर तीन सेकंदांत. मामा हे जाता-येता गाडीत विचारायचे, पाढ्यांसारखं.

एका जुलैत, तीन दिवसांच्या पावसानंतर, बरेच महिने बंद पडून असलेला 22 केव्हीचा ट्रान्सफॉर्मर तपासायचा होता. मेगरचं रीडिंग फारच कमी आलं. बुशिंगवर, म्हणजे वायर बाहेर येते तिथल्या इन्सुलेटरवर, ओल असली तर असं होतं, म्हणून बुशिंग कोरड्या फडक्यानं पुसले, वरच्या ओलीतून जाणारा करंट मोजणीतून वगळणारी गार्डची वायर लावून पुन्हा घेतलं. थोडं वाढलं, पुरेसं नाही. तेलाचं बीडीव्ही केलं, म्हणजे किती व्होल्टेजला तेलातून ठिणगी पडते ते पाहिलं. अडीच मिलिमीटरच्या गॅपमध्ये सहा वेळा घेतलं, सरासरी 22 केव्ही. तीसच्या खाली मी ट्रान्सफॉर्मर चार्ज, म्हणजे चालू, करू देत नाही.

तिथले साहेब म्हणाले, "पस्तीस लिहा हो, उद्या प्रॉडक्शन चालू करायचंय." मी बावीसच लिहिलं. फार बोलणी खाल्ली. दोन दिवस तेल फिल्टर झालं, बीडीव्ही पन्नासच्या वर गेलं, मेगरचं रीडिंगही चढलं, तेव्हाच चार्ज केला. त्या कंपनीनं आम्हाला परत बोलावलं नाही. वाईट वाटलं, पण सही माझी होती.

आता माझ्या हाताखाली पोरं येतात. सहा महिने त्यांच्या हातात वही असते. वेळ, हवेतली ओल, तेलाचं तापमान, मग रीडिंग. तेल दहा डिग्रीनं तापलं की इन्सुलेशनचं रीडिंग साधारण निम्म्यावर येतं, त्यामुळे तापमान न लिहिलेला आकडा मी खोडायला लावतो. सुरुवातीला कंटाळतात. त्यातल्या दोघांना यंदा सुपरवायझरचं लायसन्स मिळालं.