चाळणी गट पडण्याआधी की नंतर?

एका गावच्या दूध संस्थेचे अहवाल काढून देण्याचे काम मी काही वर्षे करीत आहे. संकलनाच्या टेबलात सभासद क्रमांक, तारीख, वेळ, गाय किंवा म्हैस, लिटर, फॅट आणि रक्कम असे रकाने आहेत. त्यामुळे दोन्ही वेळा दूध घालणाऱ्याच्या दहा दिवसांच्या बिलामागे वीस ओळी असतात. गाईच्या दुधाची सरासरी फॅट ३.५ च्या खाली गेलेल्या सभासदांची यादी सचिवांनी मागितली, तेव्हा मी ‘फॅट ३.५ पेक्षा कमी’ ही अट एसक्यूएल या डेटाबेसला माहिती विचारण्याच्या भाषेतल्या व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी निवडणाऱ्या भागात घातली, सभासद क्रमांकावर ग्रुप बाय केले, म्हणजे एकेका सभासदाच्या ओळींचा एकेक गट पाडला, आणि यादी छापून दिली.

“अहो, या बाईंचं दूध चार फॅटचं असतं. त्या इथं कशा?” सचिवांनी विचारले.

त्या बाईंच्या वीस ओळींपैकी एकाच सकाळची फॅट ३.३ होती. व्हेअरची चाळणी गट पडण्यापूर्वी लागत असल्याने उरलेल्या एकोणीस ओळी गटापर्यंत पोहोचल्याच नाहीत आणि त्या एका ओळीचीच ‘सरासरी’ छापली गेली. मी व्हेअरमध्ये सरासरीचे फंक्शन लिहिले असते, तर डेटाबेसने एरर देऊन मला तिथेच अडवले असते. पण माझी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला लिहिलेला प्रश्न, व्याकरणाने शुद्ध होती, आणि अशाच चुका बिलापर्यंत जातात. तारखा आणि ‘गाय’ या ओळीच्या अटी व्हेअरमध्ये ठेवून सरासरीची अट हॅविंगमध्ये, म्हणजे गट पडल्यानंतर लागणाऱ्या चाळणीत नेल्यावर यादी बरीच आखडली. (सरासरीला सिलेक्टमध्ये, म्हणजे काय दाखवायचे ते सांगणाऱ्या भागात दिलेले टोपणनाव हॅविंगमध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसला चालते, पोस्टग्रेस या डेटाबेसला चालत नाही, तिथे पूर्ण सूत्र पुन्हा लिहावे लागते.)

तरीही एक जण सुटला होता. समजा, सकाळी १० लिटर दूध ३.२ फॅटचे आणि संध्याकाळी ४ लिटर दूध ४.० फॅटचे आले, तर सरासरी काढणारे एव्हीजी फंक्शन दोन्ही ओळींना सारखेच वजन देऊन ३.६ सांगते आणि सभासद यादीबाहेर राहतो. प्रत्यक्षात १४ लिटरची मिळून फॅट सुमारे ३.४३ भरते. म्हणून हॅविंगमध्ये लिटर गुणिले फॅट यांच्या बेरजेला लिटरच्या बेरजेने भागून येणारी संख्या तपासावी लागते.

पुढच्या बिलाला सचिवांनी दहा दिवसांत दूधच न घातलेल्यांची यादी मागितली. ‘हॅविंग काउंट बरोबर शून्य’ (काउंट गटातल्या ओळी मोजते) लिहून काहीच हाती लागले नाही, कारण ज्याची ओळच नाही त्याचा गटही पडत नाही. तिथे सभासदांच्या टेबलापासून सुरुवात करून संकलनाला लेफ्ट जॉइन करावे लागले, म्हणजे संकलनात ओळ नसली तरी सभासद यादीत राहील अशी जोडणी करावी लागली, तारखांची अट व्हेअरमधून काढून जॉइनच्या ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीत न्यावी लागली, आणि काउंटमध्ये सगळ्या ओळी मोजणाऱ्या तारकेऐवजी संकलनाचा रकाना द्यावा लागला. तारका ठेवली असती, तर जॉइनमधून आलेली रिकामी ओळही एक म्हणून मोजली गेली असती.