सरळ रेघ

गाडी आत आली तेव्हा मालकाच्या हातात एक जड पिशवी होती. तिच्यात त्याचा गेलेला दुसरा टर्बो होता, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र. दोन लिटरचं डिझेल इंजिन, ट्यून केलेलं, म्हणजे ताकद वाढवायला सेटिंग बदललेलं. वर्षभरात मूळ बनावटीचे दोन टर्बो पाठोपाठ गेले, मग एका वर्कशॉपनं हायब्रिड बसवून दिला. दोन्ही वेळा कारण एकच सांगितलेलं: तेल खराब. या माणसानं तर तेल मुदतीआधी बदललं होतं, तेलाचा फीड पाईपही नवा टाकला होता.

"हाही जाणार का, तेवढं बघून सांगा," तो म्हणाला.

हायब्रिड म्हणजे बाहेरून मूळ टर्बोच. हाउसिंग तेच, बोल्ट त्याच जागी बसतात. आत मात्र कॉम्प्रेसरचं, म्हणजे हवा दाबणारं, चाक मोठं आणि दांडा पुढेमागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग दणकट. काम नीट झालं असेल तर मला ही सुधारणा मनापासून आवडते.

स्कॅनर लावला, एकही फॉल्ट कोड नाही. इंजिन बंद ठेवून चावी फिरवली. टर्बोनं भरलेल्या हवेचा दाब मोजणारा बूस्ट सेन्सर ९८० मिलिबार दाखवत होता, वातावरणाच्या दाबाचा सेन्सरही तेवढेच. म्हणजे सेन्सर ठीक, असं मी मनात धरलं. तिथेच चुकलो.

गाडी डायनोवर, म्हणजे जागच्या जागी चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या रोलरवर चढवली, चौथ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सेलरेटर दिला. ट्यूनिंगमध्ये बूस्टची मागणी २६०० मिलिबारची होती. हा आकडा वातावरणाचा दाब धरून असतो, हे इथे लक्षात ठेवायला हवं. प्रत्यक्ष दाब २३००, २४०० करत २५०० च्या तोंडाशी आला आणि थांबला. मागणीपेक्षा शंभरानं कमी. पहिला विचार आला तो गळतीचा. होज, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, क्लॅम्प सगळं धुराच्या मशीननं तपासलं, कुठूनही धूर बाहेर आला नाही. हायब्रिडच कमी पडतोय, असं मी सांगायच्या बेतात होतो.

मग तो ग्राफ पुन्हा पाहिला. २५०० ची रेघ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ होती. चालत्या इंजिनात दाब कधी असा स्थिर राहत नाही, तो थोडा तरी थरथरतो. दुसरीकडे टर्बोच्या व्हेनचा (एक्झॉस्टची वाट अरुंद करून टर्बो जोरात फिरवणाऱ्या पात्यांचा) ड्यूटी आकडा, म्हणजे ती किती मिटवायची याचा हुकूम, मात्र वर चढत चालला होता.

इंटरकूलरनंतरच्या होजमध्ये टी जोडून साधा यांत्रिक गेज लावला आणि डायनोवर पुन्हा पूर्ण अ‍ॅक्सेलरेटर दिला. काटा १.५ बार ओलांडून गेला, १.७ ओलांडला. १.९ ला मी पाय काढला. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणजे एकूण जवळजवळ २९०० मिलिबार!

सेन्सरच २५०० पर्यंतचा होता. मूळ ट्यूनिंगला तो पुरेसा होता, पण मागणी वाढवणाऱ्यानं सेन्सरची मर्यादा पाहिलीच नव्हती. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कायम शंभर मिलिबार कमी दिसत होते, म्हणून तो व्हेन आणखी मिटत होता, टर्बो आणखी जोरात फिरत होता. ओव्हरबूस्टचा, म्हणजे जास्त दाबाचा, कोड येणार तरी कसा? तो दाब ईसीयूला कधी दिसलाच नाही. आणि शंभराची तूट कोड टाकण्याइतकी मोठी नव्हती.

एवढ्या दाबाचा फायदाही नसतो. ३० अंशांची हवा तिप्पट दाबली की कॉम्प्रेसरमधून ती १८०-१९० अंशांवर बाहेर पडते. शिवाय हायब्रिडची टर्बाइनची, म्हणजे एक्झॉस्टनं फिरणारी, बाजू जुन्याच मापाची, त्यामुळे एक्झॉस्टमध्ये दाब तुंबतो आणि इंजिनाची ताकद जळालेला वायू बाहेर ढकलण्यात जाते. मी ३००० मिलिबारचा सेन्सर बसवला, ईसीयूमध्ये त्याचं कॅलिब्रेशन बदललं आणि मागणी २४०० वर आणली. इंजिनात जाणारी हवा थोडी कमी झाली, पण टॉर्कमध्ये फरक नावापुरताच. ग्राफवरची रेघ आता थरथरत होती. ती पाहून फार बरं वाटलं.

संध्याकाळी पिशवीतला टर्बो उघडला. थ्रस्ट बेअरिंग झिजलेलं होतं. कॉम्प्रेसरचं चाक काढून उलटं केलं, तर मागचा गुळगुळीत असायला हवा तो पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत. हे तेलानं होत नाही. चाक मर्यादेबाहेर फिरलं की धातू असा ताणला जातो. पुरावा सकाळपासून माझ्या टेबलावर होता.

मालकानं त्या सालीवरून बोट फिरवलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे तेल मी वेळेवरच बदलत होतो."

"हो," मी म्हटलं.