शेतातून उठवलेला माणूस

काल दुपारी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. चालू होईल असं वाटलं नव्हतं, पण झाला. आत १९९६चा 'सिव्हिलायझेशन २', शहरं वसवून राज्य वाढवायचा गेम, आणि त्यात दादाचा अर्धवट सोडलेला डाव. पाच मिनिटं बघू म्हणून बसले. चहा केव्हाच गार झाला.

शहराची खिडकी उघडली की वर माणसं ओळीने उभी. धान्य, कर, बांधकाम नंतर. माझी नजर आधी कोण रुसलंय तिकडे जाते. हसऱ्यांपेक्षा रुसलेला एक जरी जास्त झाला तरी शहरात दंगल, आणि मग सगळं ठप्प.

आम्ही एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसायचो. माऊस दादाकडे, सल्ले माझ्याकडे. त्याला शहरं फुगवायचं वेड. धान्याची पेटी भरली की माणूस एकाने वाढतो. आठाच्या पुढे जायला पाण्याचा कालवा लागतो, सोळाच्या पुढे गटारं. तेवढं तो न चुकता बांधायचा. पण शहर मोठं झालं की येणारा प्रत्येक नवा माणूस तोंड फुगवूनच यायचा. त्यावर दादाचा उपाय ठरलेला: नकाशावरच्या एका चौकोनावर क्लिक. तिथे राबणारा माणूस उठायचा आणि थेट गायक एल्विस प्रेस्लीसारखे केस करून ओळीच्या टोकाला करमणूक करायला उभा राहायचा. शहर शांत.

"अरे, देऊळ बांध ना त्यापेक्षा!"

"दर फेरीला एक नाणं जातं त्याचं."

नाणं वाचायचं, माणूस शेतातून जायचा. त्याला विचारलं का कोणी, नाचता येतं का? मी खरंच रडले होते एकदा. दादा अजून सांगतो सगळ्यांना.

पुढे २००५मध्ये चौथा भाग आला. त्यात गुलामगिरी स्वीकारली की माणसं खर्ची घालून इमारत चुटकीसरशी पुरी करता येते. मी ते बटण एकदाच दाबलं. तुमचा जुलूम आम्ही विसरणार नाही, म्हणाले लोक. दहा फेऱ्यांत विसरले.

असो. काल दादाच्या राजधानीत टोकाला एक एल्विस उभाच होता, इतकी वर्षं. मी रिकाम्या चौकोनावर क्लिक केलं, त्याला परत शेतावर पाठवला.

पुढच्याच फेरीत दंगल. होऊ दे.