लक्ष्मीपूजन, बंगळुरू एडिशन
ह्या दिवाळीत पुण्याचं तिकीट काही मिळालं नाही, ट्रॅव्हल्सचे रेट बघून तर डोळेच पांढरे झाले, मग म्हटलं चला, इथल्याच मंडळींना जेवायला बोलवू. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, मठ्ठा. तोंडली मिळाली, गोडा मसाला आईने गणपतीतच दिलेला, पण एवढ्या जणांच्या भाताला पातेलं कुठंय? शेवटी शेजारच्या आंटींचं आणलं.

पूजेत नवी केरसुणी मांडून हळदकुंकू वाहिलं तर केरळवाला म्हणे, झाडूची पूजा?? त्यांच्याकडे मोठा सण ओणम, त्यामुळे त्याला सगळंच नवीन. तमिळ मैत्रिणीची दिवाळी नरकचतुर्दशीच्या पहाटेच उरकलेली, ती घरचं लेहियम घेऊन आली, सुंठ मिरी गूळ तूप आटवून केलेलं काळंकुट्ट चाटण, अभ्यंगस्नान झालं की फराळाच्या आधी खायचं म्हणजे पोट बिघडत नाही (आपल्याकडे का नाही हे यार, चार दिवस चकल्या हाणणारे तर आपणच). कोलकात्याच्या मित्राकडे त्याच रात्री कालीपूजा, त्याला बिचाऱ्याला प्रसादाचं मटण आठवत होतं, बिन कांदा-लसणाचं, आणि पुढ्यात माझी बटाट्याची भाजी!

आईने व्हिडिओ कॉलवर आधी पुऱ्या फुगल्यात का ते पाहिलं, मग माणसं.

पातेलं अजून घासायचंय. ज्याने तीनदा मठ्ठा घेतला त्याने उद्या सकाळी यावं.