नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाय

परळला आमचं चष्म्याचं दुकान आहे, काउंटर पप्पा बघतात आणि आत नंबर मी काढतो. ऑप्टोमेट्री केलीय मी, डॉक्टर नाही, पण निम्मी गिऱ्हाइकं डॉक्टरच म्हणतात आणि सांगून सांगून मी आता सोडून दिलंय. तर रोजचा संवाद असा. काका शुगर आहे का? आहे की, कधीपासूनची, गोळी चालू आहे. मग पडद्याची तपासणी कधी केली होती? "अरे तीच तर करतोय ना आत्ता तुझ्याकडे!"

नाही हो काका. हनुवटी टेकवून आत रस्त्याच्या टोकाला फुगा नाहीतर घर दिसतं ना, ते मशीन फक्त नंबर सांगतं. मग मी बोर्ड वाचून घेतो, तुम्ही शेवटची ओळ धडाधड वाचता आणि खूश होऊन घरी जाता, पण पडदा, म्हणजे रेटिना, तो मागे असतो आणि त्यात काय चाललंय ते या सगळ्यात कुठेच कळत नाही. बोर्ड पूर्ण वाचणाऱ्या माणसाच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके असू शकतात. हे लोकांना खरंच वाटत नाही, दिसतंय तर डोळे चांगलेच असणार ना, असंच सगळे धरून चालतात.

होतं काय, तर पडद्याला रक्त पुरवणाऱ्या केसाहून बारीक नळ्या असतात, वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात. कुठे बारीक फुगवटे येतात, कुठे रक्त झिरपतं, कुठे चरबीचे पिवळे डाग साचतात, आणि काही नळ्या तर बंदच पडतात. हे सगळं गपचूप चालतं, दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. पडद्याच्या अगदी मधल्या भागात, ज्याला मॅक्युला म्हणतात, तिथे पाणी साचून सूज आली की मग अक्षरं धुरकट किंवा वाकडी दिसायला लागतात, आणि तेव्हा माणूस आमच्याकडे येतो की नंबर वाढलाय वाटतं, नवीन काचा टाक. काचा कितीही बदला, सूज पडद्याला आहे तर काच काय करणार.

नळ्या बंद पडल्या की उपाशी राहिलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला लागतात. ऐकायला चांगलं वाटतं, पण हे म्हणजे अनधिकृत बांधकाम, घाईघाईत उभं राहिलेलं आणि कधी कोसळेल सांगता येत नाही. त्या फुटल्या की डोळ्याच्या आत रक्त पसरतं. एक मावशी आलेल्या, जवळचा नंबर काढायला, मी उजवा डोळा झाकला तर म्हणतात, "अरे बाळा लाईट का घालवलीस?" लाईट चालूच होती. डावा डोळा कधीचा गेला होता आणि उजवा सांभाळून घेत होता म्हणून त्यांना पत्ताच नव्हता. म्हणून शुगरवाल्या प्रत्येकाला सांगतो, अधूनमधून घरी एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचून बघा. पण ते म्हणजे तपासणी नाही हां, आणि अचानक काळे ठिपके, जाळी किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, आमच्या दुकानात नको.

दुसरा एक प्रकार भारी आहे. साठीतले काका उड्या मारत येतात की मला पेपर चष्म्याशिवाय वाचता येतोय! पप्पा अभिनंदन करतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. कारण शुगर खूप चढली की डोळ्यातलं भिंग पाणी धरून फुगतं आणि नंबर मायनसकडे सरकतो, म्हणून जवळचं स्पष्ट दिसतं. मोतीबिंदू पिकत असला तरी असं होतं, आणि शुगरवाल्यांना तो जरा लवकरच होतो. अशा वेळी मी चष्मा बनवूनच देत नाही, आधी शुगर तपासा, ती काही आठवडे स्थिर राहू दे मग या, कारण आज काढलेला नंबर पुढच्या महिन्यात चुकीचा ठरतो. यावरून आमच्या घरात वाद होतात, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतोस म्हणून. असो.

उपचार आहेत. लेझर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत (थेंब टाकून डोळा बधिर करतात, ऐकून वाटतं तेवढं भयंकर नसतं), डोळ्यात पसरलेलं रक्त आपोआप साफच होत नसेल तर ऑपरेशन. इंजेक्शनांतलं बेव्हॅसिझुमॅब हे मुळात आतड्याच्या कॅन्सरचं औषध, डोळ्यात अगदी थोडं लागतं म्हणून बाकीच्यांपेक्षा बरंच स्वस्त पडतं. लेझर करून काय उपयोग झाला, नजर तर वाढली नाही, अशी तक्रार बरेच जण करतात, पण लेझर मुख्यतः आहे ती नजर टिकवायला असतं, गेलेली परत आणायला नाही. लवकर जायचं ते एवढ्यासाठीच. कारल्याचा रस हवा तर प्या, डोळ्यात मात्र मध-बिध घालू नका प्लीज.

शुगर आवरल्याने फरक पडतो हे नुसतं बोलायचं नाही. 1993 साली अमेरिकेतल्या डीसीसीटी नावाच्या मोठ्या अभ्यासात, टाईप 1 वाल्या (म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) ज्यांच्या पडद्याला आधी काही नव्हतं त्यांच्यात शुगर कडक सांभाळल्यावर पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी झाला. बीपीही तेवढंच सांभाळावं लागतं. आणि पडदा आधीच खराब असेल आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर झपकन खाली आणली तर सुरुवातीला पडदा थोडा बिघडूही शकतो, म्हणून औषध थांबवायचं नाही, पण इन्सुलिन सुरू करताना डोळे दाखवून घ्यायचे.

टाईप 2 (बहुतेकांना मोठेपणी होते ती) असेल तर शुगर निघाली त्याच वर्षी पडदा बघून घ्यायचा आणि मग साधारण दरवर्षी. आधीपासून शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच. केईएम, नायर, सायन, जेजे, मुंबईतल्या या सरकारी हॉस्पिटलांत सगळीकडे डोळ्यांची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, त्यानंतर चारपाच तास उजेड खुपतो आणि मोबाईलवरचं वाचता येत नाही, तेव्हा बाईक घेऊन जाऊ नका, गॉगल ठेवा आणि सोबत कुणालातरी न्या. जुने शुगरचे रिपोर्टही न्या, तिथे विचारतातच.