एकाच पट्टीवर गेलेली दुपार

आज दुपारी अमळनेरला घरीच, बाहेर ऊन असं की ओट्यावर पाय ठेववत नाही, लाइट पण गेलेली, म्हणून भाचीचा सेलवरचा कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलो आणि मोबाइलवर लिगेती या हंगेरियन संगीतकाराचं 'मुझिका रिचेरकाता' लावलं. एकट्या पियानोसाठी लिहिलेले ११ तुकडे, १९५१ ते १९५३ मधले, हंगेरीत असताना केलेले. पहिल्या तुकड्यात जवळजवळ शेवटपर्यंत फक्त एकच सूर, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी सहा, म्हणजे सप्तकातली सहावी पांढरी पट्टी! खर्जात, मध्यात, तारात, कधी हळू कधी धाडधाड, आणि अगदी शेवटी एकदाच पांढरी दोन. म्हणजे बघा ना, इतका वेळ नुसता पंचम ऐकवला आणि मग सा दिला. अंगावर काटा आला राव.

भाचीला म्हटलं तू पण वाजव, तर तिने एकच पट्टी सगळ्या सप्तकात दाबत दाबत दहा मिनिटं काढली, जीभ बाहेर काढून, आणि आजी आतून ओरडली, "काय वाजी ऱ्हायनं रे हाई?"

दुसऱ्या तुकड्यात तीन सूर, तिसऱ्यात चार, असं एकेक वाढत अकराव्यात सगळे बारा. दुसरा मला सगळ्यात जास्त भिडला, दोनच शेजारचे सूर रेंगाळत राहतात आणि मग पांढरी पाच अशी ठोकत येते की छातीत लागते. आम्ही पेटीच्या क्लासला महिनाभर नुसता सा लावला होता तेव्हा किती कंटाळलो होतो, आज पहिल्यांदा वाटलं की एका सुरात एवढं मावतं.

लाइट आली पण पंखा लावायचं सुचलंच नाही, भाची अजून तीच पट्टी दाबत होती.